दडपणाचा साचा

झोपेत छातीवर कुणीतरी येऊन बसतं. डोळे उघडे असतात, वरचा पंखा दिसत असतो, पण हात उचलत नाही आणि हाक घशातच राहते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सगळं सुटतं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. घरात कुणी दडपण म्हणतं, कुणी मानगुटीवर बसलं म्हणतं, आणि आजी असेल तर उशाखाली विळी ठेवायला सांगते. या अनुभवाचं शिल्प करायला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवावी लागली. जे बसलंय ते दाखवायचं की नाही?

चित्रकार फ्युसेलीने ते १७८१ साली दाखवलं. त्याच्या ‘द नाइटमेअर’ या चित्रात एक बाई पलंगावर मागे कोसळली आहे आणि तिच्या अंगावर एक बुटकं, माकडतोंडं ध्यान बसलंय. चित्रात हे चालून जातं, कारण किती अंधार ठेवायचा ते चित्रकाराच्या हातात असतं. शिल्पाला स्वतःचा अंधार नसतो. तेच ध्यान मातीत केलं की चारही बाजूंनी स्वच्छ दिसतं आणि जत्रेतल्या भूतबंगल्यात शोभेल असं होतं. म्हणून बसणारा वगळला. राहिलं फक्त उताणं पडलेलं धड, मानेपासून मांड्यांच्या सुरुवातीपर्यंत. जे काही सांगायचं ते त्या धडाने सांगायचं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात हे काम जानेवारीत सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये संपलं.

अंधारातले गोळे

स्वप्न वहीत लिहून ठेवावं, असं सगळे सांगतात. शिल्पासाठी वहीचा उपयोग फार कमी. लिहायला घेतलं की वाक्यं जुळतात, वाक्यं जुळली की गोष्ट तयार होते आणि त्या गोष्टीच्या सोयीने स्वप्न बदलतं. वजन कुठून आलं, कुठल्या बाजूला कललं होतं, मान कुठे अडकली होती, हे शब्दांत पकडता येत नाही. हाताला ते थोडा वेळ आठवतं.

त्यासाठी उशाशी घट्ट झाकणाचा डबा ठेवला. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे गोळे, प्रत्येकी साधारण २५० ग्रॅमचे. शाडू इथे नको. तिला चिकटपणा कमी असतो आणि रात्रभरात कडा सुकून तडकते. कुंभाराकडची चाकावरची लाल माती बरी. प्लास्टिसिन, म्हणजे तेलात मळलेली तयार माती, ओलं ठेवावं लागत नाही हे खरं, पण जानेवारीच्या पहाटे ते कडक होतं आणि अर्धवट झोपेतल्या बोटांना वळत नाही. मे महिन्यात उलट, डब्यात बसकण मारतं.

गजर लावण्याचंही गणित आहे. स्वप्नांची झोप साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. अकराला झोपलं तर साडेचारच्या गजराला स्वप्नात सापडण्याची शक्यता बरी असते. गजर वाजला की दिवा लावायचा नाही, उठून बसायचं नाही, कूसही बदलायची नाही. अंगाची ठेवण बदलली की आठवण निसटते. आहे तसं पडून एका हाताने डबा उघडायचा, गोळा पोटावर घ्यायचा आणि डोळे मिटून तीन-चार मिनिटं दाबायचा. चेहरा, बोटं असलं काही करायला जायचं नाही. दाब कुठून कुठे, एवढंच. मग गोळा डब्यात, झाकण बंद, बघायचं सकाळी. सकाळी तळाला खिळ्याने तारीख कोरायची.

आठवड्यातून दोन रात्रींपेक्षा जास्त वेळा हे करू नये. झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी ग्राइंडर हातात धरायचा असतो, हे विसरून चालत नाही. उताणं झोपल्याने आणि झोप तुटल्याने दडपणाचे झटकेही वाढतात. ते मुद्दाम ओढवून घेण्यात शहाणपण नाही. ज्याला फिट येते किंवा झोपेचा आजार आहे, त्याने तर या वाटेला जाऊच नये.

सहा आठवड्यांत वीस-बावीस गोळे जमले. त्यातले बहुतेक कांदाभजीसारखे दिसत होते, तेव्हा फार भाबडेपणा नको. पण ओळीने मांडल्यावर तीन-चार गोळ्यांत एक गोष्ट सारखी निघाली. अंगठा मध्ये खोल गेला नव्हता. मधला भाग नुसता सपाट झाला होता आणि माती दोन्ही कडांना फुगून बाहेर आली होती. तेव्हा त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. ते मार्चमध्ये महागात पडलं.

शिल्पकार जियाकोमेत्तीने १९३२ साली लाकडाच्या काड्या, काच, तार आणि दोरा वापरून एक नाजूक पिंजरा केला आणि त्याला ‘पहाटे चारचा महाल’ अशा अर्थाचं नाव दिलं. शिल्पकार लुईझ बुर्ज्वाने १९९४-९५ मध्ये झोप न येणाऱ्या रात्रींत कागदांवर दोनशेहून जास्त रेखाटनं केली. दोघांचीही सामग्री हलकी, हाताशी असलेली आणि चटकन होणारी आहे. पहाटे चार वाजता कुणी छिन्नी घेऊन बसत नाही.

अंगाचा साचा

गोळ्यावरून थेट मोठं काम करता येत नाही. गोळ्यात दिशा असते, शरीर नसतं. शरीरासाठी जिवंत माणसाच्या धडाचा साचा घेतला. त्याआधी झोपेत छाती नेमकं काय करते ते समजून घ्यावं लागलं, आणि या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी धागा तिथे सापडला.

स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगाचे बहुतेक स्नायू सैल सोडतो. डोळे हलतात आणि श्वासाचा मुख्य पडदा, म्हणजे डायफ्रॅम, चालू राहतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र जवळजवळ सुट्टीवर असतात. म्हणजे छाती स्थिर आणि पोट वरखाली. या अवस्थेतच जाग आली आणि माणूस मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेला, तर छाती ऐकत नाही. ती न ऐकणं म्हणजेच वजन. छातीवर कुणी बसलेलं नसतं, छाती उचलणारे हात तेवढे जागेवर नसतात.

शिल्पाच्या भाषेत याचा अर्थ असा की धडाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या क्षणांचे हवेत. छाती श्वास सोडल्यानंतरची, पोट श्वास घेतल्यानंतरचं. जागा माणूस तशी पोझ देऊ शकतो, पण पाच मिनिटं टिकवू शकत नाही. म्हणून साचा साध्या श्वासात घेतला आणि कॅलिपरने वेगळी मापं काढली: छातीच्या हाडाची उंची श्वास सोडल्यावर, बेंबीच्या वरची उंची श्वास घेतल्यावर. शांत श्वासात छातीचा फरक काही मिलिमीटरचाच असतो, पोटाचा सेंटिमीटरभर सहज.

साच्यासाठी अल्जिनेट वापरलं. समुद्री शेवाळापासून बनणारी ही पावडर दातांचे डॉक्टर मापासाठी वापरतात. अंगावर घ्यायचं तर मंद सेट होणारा प्रकार मागायचा. धडाच्या पुढच्या बाजूला सुमारे ७५० ग्रॅम पावडर आणि २.६ लिटर पाणी लागलं, म्हणजे वजनाने एकास साडेतीन. पाण्याचं तापमान इथे सगळं ठरवतं. पाकिटावर पाच-सहा मिनिटं लिहिलेली असतात ती २० अंशांच्या आसपासच्या पाण्यासाठी. ठाण्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी फेब्रुवारीतही दुपारी त्याहून बरंच गरम असतं. त्या पाण्यात कालवलेलं अल्जिनेट बादलीतच दही झालं. दुसऱ्या वेळी पाण्यात बर्फ टाकून थर्मामीटरने १८ अंश पाहिले, बर्फ काढला आणि मग पावडर टाकली. वेळ पुरला.

अंगावर केस असतील तिथे व्हॅसलिन भरपूर. अल्जिनेट कातडीला चिकटत नाही, केसांना मात्र पकडतं. थर पाच-सहा मिलिमीटरचा, वरून खाली सरकू देत. पृष्ठभाग ओला असतानाच त्यावर कापसाचे पुंजके हलके चिकटवायचे, म्हणजे वरची पीओपी (प्लास्टरची) बँडेज त्याला धरून राहते. हे विसरलं तर साचा काढताना आतलं रबरासारखं अस्तर सुटून येतं आणि पुन्हा नीट बसत नाही. बँडेज १५ सेंटिमीटर रुंदीची, दहा-बारा रोल, तीन ते चार थर, कडांना पाच. अंगावर बादलीतलं नुसतं प्लास्टर कधीही ओतायचं नाही. जाड थरात ते सेट होताना इतकं तापतं की भाजतं, आणि कडक झालेलं असल्याने पटकन काढताही येत नाही. चेहरा या कामात नव्हता, ते बरंच झालं.

सगळं मिळून उताण्या पडलेल्या माणसाच्या अंगावर सहा-सात किलो ओलं वजन वीस मिनिटं होतं. तिसऱ्या थराला तो म्हणाला, “दादा, श्वास येतोय, पण वरच्या वर येतोय.” बोलताना साचा हलतो म्हणून आधी हाताच्या खुणा ठरवलेल्या असतात, मूठ उघडी म्हणजे ठीक, बंद म्हणजे लगेच काढा. मूठ उघडीच होती. पण ते वाक्य वहीत टिपून ठेवलं.

साचा निघाला की तासाभरात त्यात प्लास्टर ओतायलाच हवं. अल्जिनेटमधलं पाणी उडत जातं आणि साचा आक्रसतो. उद्यावर टाकलं तर एक आकुंचन पावलेला माणूस मिळतो. ओतलेल्या प्रतीत गळ्याखालची कातडी, निपलच्या सुरकुत्या, बेंबी सगळं काटेकोर आलं होतं. फक्त बरगड्यांच्या खालच्या कडेला तपशील पुसट होता, कारण सेट होईपर्यंत तिथे श्वास चालू होता. ही चूक मानायची की माहिती? आम्ही माहिती मानली.

मोठं करणं, आणि फसणं

जिवंत अंगाची हुबेहूब प्रत शिल्प म्हणून ठेवली की माणसापेक्षा लहान दिसते. तिच्यात हालचाल नसते, रंग नसतो, श्वास नसतो, त्यामुळे डोळा तिला आकसून घेतो. म्हणून प्रत तशीच न ठेवता मातीत सव्वापट मोठं धड केलं, सुमारे ९५ सेंटिमीटर लांब.

आडवं काम असलं तरी आधार लागतो. १९ मिलिमीटर प्लायच्या पाटावर फळ्यांची पेटी ठोकली, त्यावर ८ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, तारेवर काथ्या गुंडाळलेला. तारेला सुताने लोंबकळणारी लाकडी फुली, जिला सगळे बटरफ्लाय म्हणतात, ती आडव्या कामातही कुशीच्या बाजूला हवी, नाहीतर तिथली माती रात्रीत खाली घसरते. पेटी असूनही १०० किलोच्या आसपास माती लागली. प्रतीवर पेन्सिलीने चाळीसेक बिंदू घेतले, वर ताणलेल्या दोरीपासून ओळंब्याने प्रत्येकाची खोली मोजली, १.२५ ने गुणली आणि मातीत त्या-त्या उंचीची आगपेटीची काडी खोचली. काडीचं टोक दिसेनासं होईपर्यंत माती भरायची.

मार्च-एप्रिलमध्ये माती दिवसातून तीनदा पाणी मागते. फवारा, ओलं सुती फडकं, वरून प्लास्टिक. फडकं थेट मातीवर टाकलं तर त्याची वीण उमटते, म्हणून मध्ये पातळ प्लास्टिकचा तुकडा.

आणि मग खड्डा. छातीवर वजन आहे म्हणजे छाती दबलेली हवी, असं सरळ डोक्यात आलं आणि छातीच्या हाडावर सहा सेंटिमीटर खोल वाडगा कोरला. दोन दिवस त्याच्या कडा गुळगुळीत केल्या. तिसऱ्या दिवशी दारातून आत येताना दिसलं ते असं, की कुणीतरी इथली वस्तू उचलून नेली आहे, किंवा या माणसाला ट्रकने मारलं आहे. दडपण कुठेच नव्हतं. कारण साधं होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर देताना छातीचं हाड पाच ते सहा सेंटिमीटर दाबतात, आणि त्यासाठी सरळ हातांनी अंगाचा भार टाकावा लागतो. कधीकधी बरगडी मोडते. आमचा वाडगा म्हणजे अपघात होता, झोप नव्हती.

मग गरम पाण्याची रबरी पिशवी तीन चतुर्थांश भरून पाटावर ठेवली आणि तिच्यावर वीट ठेवून बाजूने पाहत बसलो. विटेखाली फार काही घडत नाही. थोडं सपाट होतं, बस्स. जे घडतं ते कडांना: पिशवी दोन्ही बाजूंना ताणून फुगते, तोंडाकडचा भाग वर येतो, शिवण घट्ट होते. दाब पडतो तिथे दिसत नाही, निघतो तिथे दिसतो. जानेवारीतल्या गोळ्यांवर हेच उमटलं होतं आणि ते शेल्फवर पडून होते.

वाडगा भरून काढला. छातीच्या हाडाची उतरण सव्वापट मापात फक्त १२ मिलिमीटर ठेवली. सगळं काम कडांवर केलं. काखेपुढचं मांस बाहेर आणि किंचित वर ढकललं. खालच्या बरगड्यांचा कोन रुंद केला. गळ्याखालची आडवी हाडं वर आणली, म्हणजे त्यांच्यामागची खळगी खोल झाली. पोट श्वास घेतलेल्या मापाला नेलं, त्यामुळे बरगडी संपते तिथे एक पायरी तयार झाली, ती जाग्या माणसात दिसत नाही. मानेचा उजवा लांब स्नायू ताणला, डावा सैल सोडला, कारण गोळ्यांत वजन एका बाजूला कललेलं होतं. पाठ आणि पाट यांच्यामधली कमरेखालची पोकळी जवळजवळ बंद केली. एवढं केल्यावर छातीवर काहीही न ठेवता तिथे काहीतरी आहे, असं दिसायला लागलं.

नवी मुंबईच्या समोरच्या पाण्यात घारापुरीला हेच वेगळ्या मोजमापात आहे. तिथल्या साडेपाच मीटरच्या आसपास उंचीच्या मूर्तीला लोक त्रिमूर्ती म्हणतात, अभ्यासक तिला सदाशिव मानतात. सदाशिवाची मुखं पाच: तीन कोरलेली, चौथं मागे कातळात, पाचवं वर. दोन मुखं कोरलेलीच नाहीत, पण बाजूची दोन मुखं ज्या ताणाने वळली आहेत त्याने मागचं मुख मानावंच लागतं. अंधाराला डोळे सरावल्यावर दहा मिनिटं समोर उभं राहिलं तर मी काय म्हणतोय ते कळेल. गाइडच्या मागे धावत पाहिलं तर नाही.

शेंदराचा धडा

एक अडचण उरली होती. जिवंत साच्यावरून मातीत उतरवलेला तपशील फार बोलका होता. कातडीची रंध्रं दिसली की बघणारा एका विशिष्ट माणसाकडे बघतो, त्याचं वय मोजतो. तपशील खरवडून काढला की पृष्ठभाग मेल्यासारखा दिसतो. मधला मार्ग गावच्या देवळातून मिळाला. तांदळ्यावर, म्हणजे देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या अनघड दगडावर, वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर चढत जातो. मूळ दगडाचे कोपरे बुजतात, खाचा भरतात, पण आतला आकार कुठे वर आहे आणि कुठे खाली, ते थरांतून कळत राहतं. डोळा आत काय आहे याचा अंदाज घेत राहतो.

तेच मातीत केलं. साईएवढी पातळ केलेली माती रुंद मऊ ब्रशने, एक थर, अर्धा तास थांबून दुसरा, असे जास्तीत जास्त सात. उंचवट्यावर थर पातळ राहतो, खोलगट जागी साचतो, त्यामुळे तपशील सारखा पुसला जात नाही. छातीवर सात, पोटावर चार, मांड्यांकडे दोन. म्हणजे जसजसं छातीकडे जावं तसतसं अंग धूसर. थरांमध्ये घाई केली तर खालचा थर वरच्याला ओढतो आणि साल निघते, ती जागा पुन्हा पहिल्यापासून.

प्लास्टर मेमध्ये, सिमेंट जुलैमध्ये

कशात ओतायचं, हा पैशाइतकाच ऋतूचा प्रश्न आहे. ठाण्यात सगळ्यांचा हात आपोआप फायबरकडे (रेझिन आणि काचेच्या धाग्यांकडे) जातो, कारण हलकं, टेम्पोत दोघे उचलतात. पण दडपणाचं शिल्प टिचकी मारल्यावर डब्यासारखं वाजत असेल तर सगळं गेलं. शिवाय पावसाळ्यात रेझिन आणि ओलसर प्लास्टरचा साचा यांचं जमत नाही, पृष्ठभाग दिवसेंदिवस चिकट राहतो. ब्राँझ बजेटबाहेर. उरलं सिमेंट, आणि सिमेंटला पावसाळा मानवतो. अलिबागजवळ सासवण्याला विनायक पांडुरंग करमरकरांचं संग्रहालय आहे. तिथली त्यांची सिमेंटमधली कामं पाहिली की हे गरिबाचं माध्यम आहे हा गैरसमज जातो.

साचा मात्र प्लास्टरचाच, आणि तो पाऊस सुरू व्हायच्या आत. वेस्ट मोल्ड घेतला, म्हणजे साचा फोडूनच काढायचा, एकच प्रत. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. एक लिटर पाण्याला सुमारे दीड किलो. पाण्यावर प्लास्टरची बेटं दिसायला लागली की थांबायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग बुडबुडे न आणता हाताने ढवळायचं. पहिल्या थरात कपड्यांची नीळ मिसळायची. हा निळा थर चार-पाच मिलिमीटरचा, फुंकर मारत खाचाखोचांत घालवायचा. तो सेट झाला की त्यावर पातळ चिखलाचा हात फिरवायचा आणि मग काथ्या घालून पांढरा जाड थर, वरून वाकवलेल्या सळ्या. पोतं उघडून महिना झालेलं प्लास्टर घेऊ नये. हवेतली ओल पिऊन ते गुठळ्यांचं आणि कमजोर झालेलं असतं. बाहेरून कळत नाही, फोडताना कळतं.

माती काढून साचा धुतला आणि पंख्याखाली दहा दिवस सुकवला. भट्टी लावून घाई नको, ५० अंशांच्या वर प्लास्टर भुसभुशीत होतं. मग आतून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) तीन पातळ हात आणि वर मेण. हे सोडता येत नाही. प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते ओल्या सिमेंटशी थेट भिडलं तर पृष्ठभाग नीट कडक होत नाही आणि हाताला पावडर लागते.

सिमेंटचा पहिला हात एकास दीड, सिमेंट आणि संगमरवरी भुकटी, पाणी सिमेंटच्या ४० टक्क्यांच्या आसपास. थापता येईल इतकंच ओलं, पाच मिलिमीटर जाड. तो घट्ट होऊ लागला की मागे एकास दोन, क्रश सँडचं मिश्रण, काचेच्या धाग्यांसह. धागे एआर ग्लासचेच, म्हणजे अल्कली सोसणाऱ्या काचेचे. फायबरवाल्याकडची साधी मॅट सिमेंटमधल्या अल्कलीने काही काळात खाऊन टाकली जाते, आणि तोवर ती आत आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. मध्ये जीआय जाळी, बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान १२-१५ मिलिमीटर आत. वाळू किंवा पाणी खाडीकाठचं नको. बोअरचं पाणी चवीला खारट लागलं तर तेही नको. मीठ आत गेलं की जाळी गंजते आणि बाहेर लोणा फुटतो. पालिकेच्या नळाचं पाणी घमेल्यात भरून ठेवलं. एकूण जाडी २५ मिलिमीटर, वजन ५० किलोच्या जवळ.

ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस. जुलैत गोणपाटाला फार पाणी मारावं लागलं नाही. फोडायला बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडी. पांढरा थर धडाधड जातो. निळा दिसला की हात आवरायचा, आता पाच मिलिमीटरवर शिल्प आहे. गळ्याकडून सुरुवात केली, छाती शेवटी ठेवली. डाव्या काखेजवळ निळा थर पातळ राहिला होता आणि छिन्नी आत गेली. नखाएवढा टवका. तो त्याच मिश्रणाने भरला, पण भरलेली जागा कायम थोडी गडद राहते. सांगितलं नाही तर दिसत नाही, आता सांगितलं.

मांडणी

चौथऱ्याची उंची ४५ सेंटिमीटर, साध्या पलंगाएवढी. नेहमीच्या ९० सेंटिमीटरवर ठेवून पाहिलं तर ते शवागारातलं वाटतं. बघणाऱ्याला वाकून बघावं लागलं पाहिजे, म्हणजे त्याचंच अंग छातीवर झुकतं.

उजेड वरून सरळ टाकला तर १२ मिलिमीटरची उतरण गायब होते, पाच महिन्यांचं काम पाच सेकंदांत सपाट. दिवा पायांकडून, जमिनीला जवळजवळ समांतर, १५ अंशांवर. तेव्हा बरगडीच्या पायरीची सावली छातीवर पडते आणि तिला कडा नसते. वार्निश किंवा सीलर २८ दिवसांच्या आत लावायचं नाही, आणि लावलं तरी चमकणारं नाही.

अल्जिनेट कधीच सुकून चुरगळलं, पण फेब्रुवारीतलं बँडेजचं टरफल उरलं आहे. माणसाच्या छातीवर खरोखर बसलेली आणि अजून उरलेली वस्तू एवढी एकच. सुकून ते दीड-दोन किलोचं झालंय. गाळ्यात मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलंय, पोकळ बाजू भिंतीकडे. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, दर पंधरवड्याला कोरड्या ब्रशने झाडावी लागते.